होडीचा वाटा

कुवेतमधल्या मंगफच्या एका बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर चार माणसं राहायची, आणि शुक्रवारी दुपारी ती अशी गप्प व्हायची की एकदा खालचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, वर येऊन दार वाजवून बघून गेला. त्याचंही बरोबरच. एरवी त्या फ्लॅटातून इतका आरडाओरडा यायचा की शांतता झाली की माणसाला काळजी वाटावी. पण झालेलं काही नसायचं. मासे वाटले जात असायचे.

ज्यानं रापणीचा किनारा बघितलाय त्याला वाटे म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी ऐका. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात गोल टाकून येते आणि मग सगळी वाडी दोन्ही बाजूंचे दोर ओढते. मासळी वाळूवर आली की तिचे ढीग लावायचे. लावणारा एक, आणि दुसरा एक त्या ढिगांकडे पाठ करून उभा. लावणारा एकेका ढिगावर बोट ठेवून विचारणार, "हो कोणाचो?" पाठमोरा माणूस न बघता नाव घेणार. घेतलं नाव की संपलं. मोठा आला, लहान आला, कुरकुर नाही, अदलाबदल नाही. लावणाऱ्याला ठाऊक नाही आपल्याला कुठला मिळणार, म्हणून तो सगळे सारखे लावतो. बोलणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी डाफरत नाही.

ही रीत महादेवनं गावाहून उचलून कुवेतच्या किचनमध्ये आणली. महादेव पाइप फिटर, मालवणच्या खालच्या अंगाचा, पन्नाशी उलटलेला. दिवसभर रिफायनरीच्या कामावर पाइप जोडायचे आणि संध्याकाळी शेगडीपुढे उभं राहायचं, आणि त्याला विचाराल तर दिवसभराचं काम म्हणजे संध्याकाळपर्यंतचा वेळ घालवणं. कढी सगळ्यांची, भात सगळ्यांचा, पण तळलेली तुकडी मात्र वाट्याची. पाठ करून उभा राहायचा अक्षय. तो परभणीकडचा, इलेक्ट्रिशियन. समुद्र त्यानं पहिल्यांदा विमानातून बघितला. माशाचं शेपूट कुठलं नि पोट कुठलं ते त्याला कळायचं नाही, म्हणून सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास.

तिसरा सुशांत, डोंबिवलीचा, स्टोअरकीपर. मोबाइलवर शेअर मार्केटचे व्हिडिओ बघून बघून तो जेवतानासुद्धा भाव वर गेला, खाली आला असं बोलायचा. आणि चौथा सदानंद. महादेवच्याच वाडीतला. दोघं एकाच शाळेतून एकाच मास्तरांचा मार खाऊन पळालेले.

या सदानंदला यंदा कंपनीनं फोरमन केलं. बरोबर पांढरी पिकअप दिली. आणि अहमदीला एक खोली देऊ केली. ऑइल कंपनीच्या जुन्या वस्तीतली, पुढं झाडं, आत एकटा माणूस. हो की नाही ते महिनाअखेरीला कळवायचं.

आता तो गेला तर मंगफचा फ्लॅट मोडला. भाडेकरार त्याच्या नावावर, आणि उरलेल्या तिघांना ते भाडं झेपणारं नाही. मग ज्याला त्याला कंपनीच्या कॅम्पात जाणं आलं. महादेवनं पहिली वर्षं कॅम्प भोगला होता. तिथं शेगडी पेटवायला बंदी. लायनीत उभं राहायचं, ताटात पडेल ते घ्यायचं, आणि ते काय आहे ते चार घास खाऊनही कळायचं नाही. पुन्हा तिथं जायचं या विचारानं त्याच्या तोंडाची चव आत्ताच गेली होती. म्हणून तो सदानंदला जपत होता. जावयाला जपावं तसं.

आणि म्हणूनच पहिली चूक झाली.

त्या शुक्रवारी दोघं पिकअपनं फहाहीलच्या मासळी बाजारात गेले. आधी महादेव बसनं जायचा, पोचेपर्यंत चांगली मासळी निघून गेलेली असायची. आता थेट लिलावातली मिळायची. मोठा चनाद आणला. चनाद म्हणजे आपली सुरमई, इथं तिचं नाव बदललंय एवढंच. तळणं झालं, महादेवनं परातीत चार ढीग लावले, अक्षय फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला.

"थांब," सदानंद म्हणाला. "महाद्या, रापणीत होडयेचो वाटो आसता काय नाय?"

"आसता," महादेव म्हणाला. गावात असतोच. माणसांचे वाटे झाले की होडीचा वाटा वेगळा निघतो आणि तो होडीवाल्याच्या घरी जातो. जन्मभर बघितलेली गोष्ट, नाही कसं म्हणणार?

"मगे ही पिकअप म्हणजे होडीच मां?"

महादेवच्या डोळ्यांपुढं अहमदीची खोली आली, तिच्यापुढची झाडं आली आणि कॅम्पातली लाइन आली. त्यानं चार ढिगांतून दोन दोन तुकडे काढून पाचवा ढीग लावला.

अक्षय पाठमोराच ओरडला, "हे काय चाललंय माझ्या मागं?"

"होडीचा वाटा," सुशांत म्हणाला. "मस्त आहे की ही सिस्टीम!"

"गाडीला कशाला वाटा? गाडी मासा खाती का?"

"होडी खाते काय?" सदानंद म्हणाला. "तरी असतो."

"आन् ती गाडी तुमची हाय का पण? गाडी कंपनीची, पेट्रोल कंपनीचं. मग न्या तो वाटा आन् द्या कंपनीच्या ऑफिसात. म्हणावं साहेब, गरम गरम हाय."

सदानंदचे कान लाल झाले. "चालवतो कोण? लायसन कोणाकडे आहे? या देशात लायसन मिळवून दाखव आणि मग बोल."

त्या दिवशी ढेकर कुणालाच नीट आली नाही.

पण गंमत पुढंच आहे. एकदा होडीला वाटा मिळाला म्हटल्यावर बाकीची भांडीकुंडी गप्प बसतील कशी? पुढच्या शुक्रवारी सुशांत म्हणाला, "तवा माझा आहे. एगैलाच्या मॉलमधून मी आणला. न चिकटणारा. आधीच्या तव्यात अर्धी तुकडी तव्यालाच राहायची, आठवतंय ना? मग तव्याचा वाटा?"

"घ्या!" अक्षय म्हणाला. "ही भांडवलशाही अशीच असती. आज तवा, उद्या कालथा."

"अरे, भांडवलशाही म्हणजे काय शिवी आहे का, बॉस? मी तवा आणला, सदाशेटनी गाडी आणली, म्हणून मासा मोठा झाला. सगळ्यांचाच तुकडा वाढला. आमचा जरा जास्त वाढला तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"दुखत नाही, भरत नाही. तुमचा वाढला तो माझ्यातनंच गेला ना? मासा का तव्यानं पकडला? माझं म्हणणं सरळ हाय. ज्याला जमंल तेवढं त्यानं घालावं, ज्याला लागंल तेवढं त्यानं घ्यावं. ह्याला समाजवाद म्हणत्यात."

"चालेल," सुशांत म्हणाला. "मला जास्त लागतं. माझी भूक मोठी आहे."

"आन् कामाला?"

"कामाला माझी तब्येत बरी नसते."

सदानंद इतका हसला की त्याला ठसका लागला. अक्षय मात्र चिडला. "हसा! तुम्हा दोघांचं काय जातंय? आमच्या कारखान्यात युनियन होती म्हणून माझ्या बापाला म्हातारपणी चार घास मिळाले. मालकाच्या मनावर सोडलं असतं तर धुराडंच मिळालं असतं चाटायला."

"आणि आता तो कारखाना कुठे आहे?"

कारखाना बंद पडला होता, म्हणून तर अक्षय इथं होता.

"बघ," सुशांत म्हणाला. "सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. आपला सिलिंडर आठव. सगळ्यांचा होता ना? मासा अर्धा तळला आणि गॅस संपला. खाली जाऊन बदलून कोण आणणार? सगळे एकमेकांकडे बघत बसले."

"मी आणला! भर दुपारी, त्या उन्हात, खांद्यावर घेऊन. लिफ्टसुद्धा बंद होती त्या दिवशी."

"मग? सिलिंडरचा वाटा माग ना."

अक्षय फ्रिजकडे तोंड करून उभाच होता. शेवटी तसाच, मागं न बघता म्हणाला, "तत्त्व म्हणून मागतोय, हां. खायची हाव म्हणून नाही."

झाले सात ढीग. चार माणसांचे, एक गाडीचा, एक तव्याचा, एक सिलिंडरचा. मासा तेवढाच. महादेवचं त्या किचनमध्ये म्हणावं असं काहीच नव्हतं. सुरीसुद्धा आधीच्या भाडेकरूनं विसरलेली. म्हणजे जो मासा निवडतो, कापतो, मसाला लावतो आणि धुरात उभा राहून तळतो, त्याच्या ताटात दोन तुकडे. आणि तवा भिंतीला टेकून आरामात बसलाय, त्यालाही दोन.

जेवल्यावर तो गॅलरीत जाऊन रत्नमालाला फोन लावायचा. दर शुक्रवारी. बायको गावी असायची, आणि एवढ्या वर्षांत दोघांचा संसार जास्त फोनवरच झाला होता. त्यानं तिला सगळं सांगितलं, आपलं दुःख जरा फुगवूनच सांगितलं. वाटलं, बिचारी हळहळेल.

रत्नमाला खो खो हसली. आणि हसणं आवरल्यावर म्हणाली, "मगे माझ्या मसाल्याचो वाटो खंय?"

"तुझो?"

"माझो नाय तर काय तव्याचो? मिरशांगो सुकवलंय मी, भाजलंय मी, शिंकून शिंकून जीव गेलो तो माझो. दर वर्साक डबो भरून धाडतंय. तेच्यार एवढी वर्सां तुमी चार जण बोटां चाटतास. आणि वाटो पिकअपीक?"

"अगो, मस्करी करू नको."

"मस्करी नाय. सिलिंडराक वाटो आणि माका नाय, तर ह्या वर्साचो डबो हयसरच रवतलो. दुकानातलो मसालो घाला आणि काय तो समाजवाद खावा."

महादेव आत आला आणि त्यानं डबा उघडून बघितला. तळ दिसत होता.

महिना सरत आला. शेवटच्या शुक्रवारी फहाहीलला जाताना गाडीत दोघंच. बाहेर ऊन असं की रस्ता पाण्यासारखा हलत होता, आत एसी. सदानंदची बॅग अर्धी भरून खोलीत पडली होती ते महादेवनं सकाळी बघितलं होतं.

"जातंस तर?" त्यानं विचारलं.

"सांजेक कळवचा आसा. बहुतेक जातंय. हयसर रवान काय करू? होडयेचो वाटो मागलंय तर माका चोर ठरवल्यानी त्या पोरांनी."

महादेवनं इतके दिवस गिळलेलं बाहेर आलं. "होडी तुमचीच होती, सदा. गावातसुद्धा. माझो बापूस जन्मभर दोर ओढीत रवलो. तुमच्या घराक स्लॅब पडलो, आमची कौलांसुद्धा धड नाय. आमी लहान असताना मी कधी बोललंय तुका? हयसर येवन वाटला, सुटलो एकदाचे. एका खोलीत, एका परातीत. आणि तू हयसरसुद्धा होडी घेवन इलंस."

सदानंदनं गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "आणि वादळात होडी फुटली तेवा? तुझो बापूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रापणीर गेलो, दोर धरूक. माझो बापूस खंय जातलो होतो? वर्सभर पडवेत बसान होतो. सावकार येय, आवशीक रडवन जाय. ता नाय दिसला तुका. स्लॅब तेवढो दिसलो."

आता यात खोटं कोणाचं होतं? दोघांचंही खरं. महादेवला ती पडवी आठवली. तिथं भिंतीला टेकून बसलेला म्हातारा आठवला. लहानपणी वाटायचं, होडीवाला आहे, बसणारच निवांत.

"शेवटाक ते मोठे ट्रॉलर इले," सदानंद म्हणाला, "आणि समुद्रच पुसून नेल्यानी. ना होडी रवली, ना दोर."

"आमका दोघांक सारखे केल्यानी ता त्यांनीच," महादेव म्हणाला, आणि दोघंही न ठरवता हसले. पण बाजार आला आणि हसणं तिथंच राहिलं.

चनाद मिळाला तो गाबोळीवाला, पोटात अंडी भरलेला. घरी येऊन महादेवनं डब्याला चमचा खरवडून शेवटचा मसाला काढला. तळताना त्याच्या मनात एकच घोळत होतं, आजची ही शेगडी शेवटची. परवापासून लाइन.

ढीग लावले आठ. रत्नमालाचा आठवा. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आणि अक्षय फ्रिजकडे वळणार, तोच सुशांत म्हणाला, "हा नको. हा फ्रिजच्या दारात बघतो."

"काय?"

"दार स्टीलचं आहे. त्यात परात दिसते. मागच्या वेळी मला शेपटं कशी आली?"

"शेपटं तुझ्या नशिबात हायत! मी दारात बघतो? मी? ज्याला पापलेट नि चप्पल एकच दिसतं तो?"

"आता तुझा सिलिंडर आहे ना वाट्यात. आता तुला सगळं दिसतं."

हे मात्र खरं होतं. सिलिंडर आला आणि अक्षयचा निरागसपणा गेला. मग पाठ करून उभं कोण राहणार? सदानंद राहिला तर गाडी आहे. सुशांत राहिला तर तवा. महादेव ढीग लावणारा. चौघं किचनमध्ये उभे, परात मधे, मासा गार होतोय. तेवढ्यात फोन वाजला. रत्नमाला.

"जेवलास?"

"नाय. पाठ करूक माणूस नाय," महादेव म्हणाला आणि सगळं सांगितलं.

"मगे माका विचारा," ती म्हणाली. "मी हयसून बघतंय काय? माझ्याइतकी पाठमोरी कोण गावतली तुमका?"

सगळ्यांना पटलं. महादेवनं फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर पालथा ठेवला. किचन एकदम शांत झालं. त्यानं पहिल्या ढिगावर बोट ठेवलं. त्यात अख्खी गाबोळी होती आणि मधली, जाड तुकडी. एवढ्या ढिगांत ती कुठंतरी एकाच ठिकाणी पडणार होती.

"हो कोणाचो?"

"पिकअपीचो."

सदानंदच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं.

"हो कोणाचो?"

"तव्याचो." त्यातही मधलीच तुकडी.

"हो?"

"सिलिंडराचो."

मग अक्षय, सुशांत, भावजी, म्हणजे सदानंद, मग महादेव, आणि शेवटचा तिचा स्वतःचा. माणसांच्या वाट्याला शेपटाकडचं आणि काट्याचं आलं. सामानाचं मात्र चांगलं झालं.

"चला," म्हणत सदानंदनं पहिला ढीग आपल्या ताटात ओढला.

"सदाशेट एकदम गाबोळी उचलताय!" सुशांत ओरडला.

पालथ्या फोनातून आवाज आला. "कोणाची गाबोळी?"

"गाडयेची, वैनी," सदानंद म्हणाला. "म्हणजे माझीच मां."

"तुमची कशी? तुमचो वाटो तुमका वेगळो दिलंय. ह्यो गाडयेचो. ज्याच्या नावान पडलो तेकाच घालूचो, ही रीत तुमच्या बापसानच घालून दिल्यानी होती, भावजीनू. नेवन घाला गाडयेक."

"वैनी, गाडी खाता काय?"

अक्षय म्हणाला, "मी हेच म्हणत होतो!"

"ता माका काय ठावक? गाडयेन मागल्यान, गाडयेक दिलंय."

आता दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सदानंदनं धुडकावलं असतं. पण पाठमोऱ्या माणसानं नाव घेतलेलं मोडायचं, आणि तेही बापाचं नाव निघाल्यावर? त्यानं महादेवकडे बघितलं. महादेव छताकडे बघत होता. सदानंदनं चपला घातल्या, बशी उचलली आणि फोरमन साहेब गाडीचं जेवण घेऊन लिफ्टनं खाली निघाले. मागं तिघं. असलं काही बघायला मिळत असताना वर कोण थांबतो?

खाली पार्किंगात पिकअपचं बॉनेट इतकं तापलेलं की मासा कच्चा आणला असता तरी चाललं असतं. सदानंदनं बशी बॉनेटवर ठेवली आणि मागं सरला. त्या गल्लीत मांजरांना तोटा नाही. कचऱ्याच्या डब्याखालून एक आलं, मग दोन, मग कुठून कुठून. बॉनेटला पाय लावला की चटका बसून खाली उडी, परत वर. शेवटी एका दांडग्या बोक्यानं पंज्यानं बशीच खाली पाडली आणि सावलीत गाबोळीवर बसला.

"बघा," अक्षय म्हणाला, "भांडवलशाही. सगळ्यात मोठा त्यानंच ओढला."

"तो धडपडला म्हणून बाकीच्यांना तुकडा मिळाला," सुशांत म्हणाला. "तुझ्या समाजवादात अजून मीटिंग चालली असती, बशी वरच."

तेवढ्यात एक किडकिडीत मांजरी मागून आली आणि बोक्याच्या तोंडासमोरून गाबोळीचा अर्धा भाग घेऊन भिंतीवर. अक्षय आणि सुशांत, दोघांनीही ती आपल्या बाजूची म्हणून सांगितली.

हारिस बाहेर आला. खाली फुटलेली बशी, भोवती मांजरं, आणि चार इंडियन उन्हात हाताची घडी घालून उभे. "एह दा, या सदीक?" म्हणजे हे काय चाललंय, मित्रा?

"गाडी जेवतेय," सदानंद हिंदीत म्हणाला, आणि आपलंच बोलणं कानावर पडून त्याला हसू फुटलं. पहिलं नाकातून आलं, मग पोटातून. गाडीच्या दाराला धरून तो खाली बसायला आला. "बापूस असतो तर," तो महादेवला म्हणाला, "असो पोकळ बांबू घेवन धावलो असतो... होडयेक गाबोळी भरवतंस, मेल्या!" पुढचं त्याला बोलता येईना.

वर आले तेव्हा भात गार झाला होता. कुणी घास घेतला नव्हता. त्याच रीतीनं तव्याचा वाटा तव्यात गेला, सिलिंडरचा सिलिंडरशेजारी वर्तमानपत्रावर. फोन तसाच पालथा.

"खाल्ल्यान काय गाडयेन?" रत्नमालानं विचारलं.

"मांजरांनी," महादेव म्हणाला. "आता तुझो वाटो? तो काय करूचो?"

"माझो? जो भांडी घासात, तेका द्या."

घरात किती दिवसांची भांडी साचली होती ते त्या क्षणी सगळ्यांना एकदम दिसलं. सुशांत उठेपर्यंत अक्षय निम्म्या वाटेत होता. पण ओट्याजवळ सदानंद उभा होता. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं आणि नळ सोडला. फोरमन झाल्यापासून त्या हातांनी काथ्या धरला नव्हता. पातेलं त्यानं असं घासायला घेतलं की आतली कल्हई काय, बाहेरचं काळंसुद्धा घाबरावं.

तो पाठमोराच होता. महादेवनं परात पुढं ओढली. तव्यातला वाटा त्यात घातला, सिलिंडरचा घातला, आणि नव्यानं ढीग केले.

"हो कोणाचो?"

नळाच्या आवाजातून सदानंद म्हणाला, "सुशांतचो."

"हो?"

"अक्षयाचो. तत्त्व म्हणून."

"हो?"

"तुझो, महाद्या."

महादेव जरा थांबला. परातीत आता एकच ढीग होता, आणि तो कुणाचा ते विचारायची गरज नव्हती. त्यानं बोट उचलून खोलीकडे रोखलं. तिथं दारातून ती अर्धी भरलेली बॅग दिसत होती.

"आणि अहमदीची खोली, सदा? ती कोणाची?"

हात थांबले. नळ तेवढा वाहत होता. सुशांतसुद्धा चावायचा थांबला.

सदानंदनं मागं वळून बघितलं नाही. पातेलं पाण्याखाली धरलं, हातानं एकदा आत फिरवून बघितलं.

"मांजरांची," तो म्हणाला.

पाठमोऱ्या माणसानं घेतलेलं नाव. महादेवनं शेवटचा वाटा, वर रत्नमालाचा घालून, त्याच्या ताटात सरकवला आणि शेगडीवर कढी परत गरम करायला ठेवली. ओट्यावरून पालथा फोन म्हणाला, "डबो धाडतंय उद्या. पण तव्याक सांगा, वास घेवचो नाय."